सोमवार ते शुक्रवार तग धरणारी शेती

मुंबईत नोकरी करून हौसेने शेती करू पाहणारी माणसे बहुधा ‘कोणते पीक घ्यावे?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. आमच्या घरीही त्यावर जेवणाच्या टेबलावर पुष्कळ काथ्याकूट झाला. परंतु पहिला पावसाळा आणि त्यामागून आलेला उन्हाळा पाहिल्यानंतर मला वाटते, की आपल्यावाचून सोमवार ते शुक्रवार काय जगेल, हा त्याहून आधीचा प्रश्न आहे.

आमचे घर मुलुंडला आणि जमीन नेरळजवळ, सासऱ्यांच्या वाट्याची. सुमारे 30 गुंठे, म्हणजे पाऊण एकर. खालच्या अंगाला भाताची खाचरे आणि वर चढाला मुरमाड वरकस, म्हणजे भात न होणारी हलकी जमीन. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घ्यायची तर 1948 च्या कूळ कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यामुळे सातबारावर सासऱ्यांचे नाव असणे हेच आमचे खरे भांडवल होते. त्याच कायद्याची दुसरी बाजू मात्र त्यांच्या मनातून जाता जात नव्हती. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कसेल त्याची जमीन झाली, आणि तेव्हापासून ‘जमीन दुसऱ्याला कसायला दिली की कूळ लागेल’, म्हणजे कसणारा तिच्यावर हक्क सांगेल, ही धास्ती त्या पिढीच्या घराघरांत मुरलेली आहे. अखेर बांधाला बांध लागून शेती असलेल्या शेजारच्या दादांबरोबर एका हंगामापुरती अर्धेली ठरली. बी आणि खत आमचे, मेहनत त्यांची, भात निम्मे निम्मे. ई-पीक पाहणीची, म्हणजे सातबारावर आपले पीक चढवण्याची नोंद माझ्या मुलाने खाचरात उभे राहून मोबाइलवरून केली, तेव्हा कुठे आजोबांचा जीव भांड्यात पडला.

भाताचे वेळापत्रक आपल्या सुट्ट्यांना जुमानत नाही, हे ऐकून माहीत होते. लावणीच्या वेळी ते पाहायला मिळाले. पाऊस धरला, खाचरात पाणी तुंबले, आणि लावणीची माणसे दादांना मिळाली ती आठवड्याच्या ऐन मध्यावर. मी आणि माझे यजमान रजा टाकून कर्जत लोकलने गेलो. राबातून, म्हणजे रोपवाटिकेतून, उपटलेले आवण (भाताची रोपे) मुळांचा चिखल पाण्यात खळबळून, मुठी बांधून खाचरात फेकले जाते आणि लावणाऱ्या बायका वाकून, मागे सरकत, दोन-तीन काड्या एका चिमटीत धरून चिखलात रोवत जातात. त्यांची ओळ सरळ येते. आमची ओळ दादांच्या पत्नीने काहीही न बोलता पुन्हा लावली. बियाणे आम्ही कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेले ‘कर्जत-3’ घेतले होते. हे हळवे भात आहे, गरव्यापेक्षा लवकर पिकते. दादांनी तेच सुचवले, कारण कापणी लवकर आटोपली तर जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल येतात.

वाल हे आमच्यासारख्यांसाठी फार समजूतदार पीक आहे. एकदा पेरले की पाणी मागत नाही; रात्रीच्या दवावर आणि जमिनीतल्या ओलाव्यावर वाढते. त्याचा शत्रू एकच, मोकाट गुरे. भात निघाले की गावची गुरे रानात मोकळी सुटतात. हा जुना रिवाज आहे आणि शहरातून आलेल्याने त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. आजूबाजूच्या सगळ्यांनी वाल पेरले तरच राखण होते, आणि राखण गाव करते, आपण नव्हे. म्हणून आम्ही वाल कधी पेरायचे हे ठरवत नाही. शेजारी पेरतात तेव्हा पेरतो.

वरकसावर हापूसची कलमे लावली. शिफारशीप्रमाणे दहा मीटरच्या अंतराने लावायची म्हटल्यावर त्या चढावर मोजकीच बसली आणि मधली मोकळी जागा पाहून सासूबाईंना हळहळ वाटली. खरी अडचण पाण्याची होती. या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, पण काळ्या कातळावरच्या उथळ मुरमात तो थांबत नाही. होळीच्या सुमारास ओहोळ कोरडा पडतो. कोवळ्या कलमांना पहिले दोन-तीन उन्हाळे तरी पाणी द्यावेच लागते. त्यावर आम्ही प्रत्येक खड्ड्याच्या कडेला बुडाला बारीक भोक पाडलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरले आणि भोकात सुती चिंधीची वात घातली. शनिवारी भरलेले मडके आठवडाभर पाझरत राहते. तोंडावर झाकण मात्र हवे, नाहीतर डास होतात.

कलमांच्या बाबतीत मन घट्ट करावे लागते. जोडाच्या खाली फुटणारे कोंब खुडावे लागतात, कारण ते खालच्या रायवळ, म्हणजे गावठी आंब्याच्या, खुंटाचे असतात आणि वाढू दिले तर हापूस मागे पडून तेच माजतात. पहिल्या हिवाळ्यात दोन रोपांना मोहोर आला, तोही खुडायचा असतो. सासऱ्यांनी कात्री माझ्या हातात दिली आणि ते विहिरीकडे निघून गेले.

रोपांच्या मधल्या जागेत हळद आणि सुरण घातले. दोन्ही मे-जूनमध्ये लावायची, पाने पिवळी पडून वाळली की आठ-नऊ महिन्यांनी काढायची, मधे फारसे लाड नाहीत. पालेभाज्यांचा विचार सोडला. मुलांना कोंबड्या हव्या होत्या. परंतु मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस वेळेवर देणे आणि रोज संध्याकाळी खुराड्याचे दार लावणे ही मुलुंडमध्ये बसून करण्याची कामे नव्हेत, आणि मुंगसाला रविवारची वाट पाहावी लागत नाही.

जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्यावर दादांनी पोपटी लावली. मडक्यात तळाशी भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे आणि अंडी, तोंडाशी पुन्हा पाला. मडके उपडे करून भोवती जाळ. शिजली की नाही हे पाहायला मडक्यावर पाण्याचा शिपका मारतात. चर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडाले तर झाली. मुलाने तो शिपका इतक्या वेळा मारला की शेवटी पाण्याचे भांडे त्याच्याकडून काढून घेतले.

आमच्या वाट्याला आलेला तांदूळ लोकलची तिकिटे, रजा आणि मजुरी धरली तर वाण्याकडच्यापेक्षा महाग पडला, हे यजमानांनी वहीत मांडून दाखवले आहे. आता घरात वाद आहे तो बोअरवेलचा. या कातळात पाणी लागेलच याची खात्री नाही, आणि लागले तर हाताशी पाणी आहे म्हणून आम्ही मिरची-वांगी लावणार, ज्यांना रोज माणूस लागतो. माझे मत वरच्या बाजूला प्लास्टिकचे अस्तर घातलेले छोटे तळे खणावे असे आहे. मडकी भरण्यापुरते पाणी त्यात मार्चअखेरपर्यंत राहिले तरी पुरे. सासऱ्यांना बोअर हवी आहे, आणि सातबारा त्यांच्या नावावर आहे.