टॅरँटुलाच्या पेटीतली माती
मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील कोरड्या झाडोऱ्यात बीळ करून राहणारा लाल गुडघ्यांचा टॅरँटुला हा मोठा केसाळ कोळी पाळायचा, तर पेटीच्या देखणेपणापेक्षा तळातल्या मातीकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. मी खत न मिसळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाण्यात फुगवतो, मुठीत घट्ट पिळतो आणि त्यात चाळलेली साधी माती मिसळून थराथराने दाबत जातो. बोट सहज रुतणार नाही इतकी ती घट्ट बसली, तरच बिळाचे छत टिकते. जाडी किमान १० ते १५ सेंटिमीटर असावी आणि तिथून झाकणापर्यंतचे अंतर कोळ्याच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसावे, कारण काचेवर चढून तो पडल्यास त्याचे पोट फुटू शकते. देवदाराचा भुसा वर्ज्य. रंगीत खडे दुकानदारालाच लखलाभ! पृष्ठभाग कोरडा ठेवून एका कोपऱ्यात थोडे पाणी झिरपू दिले, की खालची ओल पुरते.