बघणारा पक्षी

रविवार, रात्र

आठवं प्रकरण अडलंय. माझ्या नायक-नायिकेचं एकमेकांवर प्रेम आहे हे मला माहीत आहे, पण कागदावर ते दोघं नुसते बोलत बसलेत. दुपारी वैतागून वही मिटली आणि विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' काढलं. बारीकसं पुस्तक, १९३९ सालचं. चहाच्या वेळेपर्यंत संपलंसुद्धा.

त्यातला नायक चक्रधर मला कधीच आवडला नाही. आधीच्या एका प्रेमाचा अपमान उराशी धरून हा गृहस्थ बायकांकडे बघणार, आणि युरोपातून परतताना बोटीवर हॅर्टा भेटली की सुरुवातीला तिच्याशीही खेळल्यासारखंच वागणार. हॅर्टा जर्मन ज्यू, देश सुटलेली. तिला काही राखून ठेवायला वेळच नाही. त्या काळात इटालियन बोटी अशा निर्वासितांना सुएझ, मुंबई, कोलंबोमार्गे थेट शांघायपर्यंत नेत. तिथे उतरायला व्हिसा लागत नसे, म्हणून सतराअठरा हजार ज्यू तरी त्या शहरात पोचले. मुंबई चक्रधरची, तो उतरणार, ती पुढे जाणार. हे दोघांनाही पहिल्यापासून माहीत असतं. मग प्रत्येक जेवण, डेकवरची प्रत्येक फेरी जड होत जाते, आणि बेडेकरांना 'प्रेम' म्हणून वेगळं काही लिहावं लागत नाही. माझ्या दोघांना पुण्यात फ्लॅट आहे, नोकऱ्या आहेत, हवा तेवढा वेळ आहे. कशाला कोण घाई करेल?

पण संध्याकाळभर डोक्यात राहिलं ते दुसरंच. बेडेकरांनी पुढे नाटकं लिहिली, 'शेजारी'सारख्या सिनेमाची कथा लिहिली, कादंबरी मात्र ही एकच. आणि उतारवयातल्या आत्मचरित्राला नाव दिलं 'एक झाड आणि दोन पक्षी'. नाव उघडच मुंडकोपनिषदातलं: एकाच झाडावर दोन पक्षी, एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता बघतो. तिथे ते जीवात्मा-परमात्म्याचं आहे, मान्य. मला त्यात लिहिणाऱ्या माणसाची खोड दिसते. चक्रधर बोटीवर बराच काळ तो दुसरा पक्षी असतो. हॅर्टा पहिला.

आणि त्यांच्या घरात तर दोन लिहिणारे! बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई म्हणजे लेखिका विभावरी शिरूरकर. लग्न १९३८चं, त्याच्या पाच वर्षं आधी 'कळ्यांचे निःश्वास' या त्यांच्या कथासंग्रहानं टोपणनावाआडून केवढा गदारोळ उठवला होता. शिकलेल्या, कमावत्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींच्या मनातलं त्यांनी लिहिलं, आणि या बाई कोण याच्या चौकशा सुरू झाल्या. 'बळी' ही त्यांची कादंबरी तर 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत काम करून, तिथली माणसं जवळून पाहून आलेली. नुसतं काठावर बसून ते लिहिता येत नाही. माझ्या मते दोघांत धीट लेखणी बाईंची. हे साहित्यिक मंडळींत बोलले तर लगेच वाद होईल, म्हणून इथेच.

अशा घरात भांडण झालं तर कोण बघत असेल आणि कोण भांडत असेल? आमच्याकडे तरी बघणारी मीच. परवा हा रागानं ताट सारून उठला, आणि मला वाईट वाटायच्या आधी सुचलं की आठव्या प्रकरणात नायकानं असंच उठावं. त्याला ते कळलं. "लिहून घेतलंस का?" म्हणाला. मी काही बोलले नाही, कारण घेतलं होतं.

तो प्रसंग आत्ता पुन्हा वाचला. ताट आहे, सारण्याचा आवाज आहे, आमटी सांडलेली आहे. समोर बसलेल्या बाईला काय झालं याची एक ओळ नाही. ती उद्या सकाळी, हा ऑफिसला गेला की.