तांदळाच्या डब्यातला फोन: सव्वातीन मिनिटांच्या प्रसंगाने अडवलेले दोन महिने

खानापूर तालुक्यातल्या एका कौलारू घरात आम्ही बावीस मिनिटांची थरारकथा चित्रित केली. कथा, नट, घरमालकांची परवानगी, चार रात्रींचं शूटिंग, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही. अडलं ते एकाच प्रसंगावर, आणि तिथे दोन महिने गेले. पैकी निम्म्याहून जास्त दिवस साउंड मिक्सची, म्हणजे सगळे आवाज जुळवून एकत्र करण्याच्या कामाची, वाट बघण्यात गेले. त्याची चीड अजून आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. थ्रिलर करायला बसलेल्या कुणाचे तरी हे दोन महिने वाचावेत.

प्रसंग असा. पावसाळी संध्याकाळ. घरात एकटी बाई. तिच्या दिराला शोधत एक माणूस येतो. दीर नुकताच निसटलाय, पण त्याचा फोन घरातच राहिलाय आणि बाईने तो तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात खुपसलाय. पाहुणा चहा घेतो. खिळ्याला अडकवलेली सासऱ्यांची जुनी डायरी काढतो, दिराचा नंबर शोधतो आणि स्वतःच्या मोबाईलवर एकेक आकडा दाबू लागतो.

पहिल्या एडिटमध्ये फोन डब्यात आहे हे प्रेक्षकाला माहीतच नव्हतं. पाहुणा नंबर लावतो, डबा घणघणतो. लोक दचकले आणि आम्हाला वाटलं जमलं. दुसऱ्यांदा दाखवलं तेव्हा कुणी हललंही नाही. दचकणं एकदाच होतं. १९६२ साली थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो तिथे आहे हे आधी सांगितलं तर तीच साधी गप्पागोष्टींची पंधरा मिनिटं त्याला श्वास घेऊ देत नाहीत. हे वाचलेलं सगळ्यांनी असतं. पण स्वतःच्या एडिटमध्ये तो धक्का सोडवत नाही, कारण तो हमखास चालतो. तो सोडा.

आम्ही माहिती आधी दिली, तर प्रसंग चार मिनिटं चाळीस सेकंदांचा झाला आणि ढेपाळला. कारण शोधायला वेळ लागला. फोन डब्यात आहे एवढं कळून भागत नव्हतं. तो सायलेंटवर नाही हेही कळायला हवं होतं, आणि डब्यातून त्याचा आवाज बाहेर येतो हेसुद्धा. म्हणून आधीच्या प्रसंगात बाई एकटी असताना फोन एकदा वाजवला. तांदळात चार बोटं खोल ठेवलेला फोन बऱ्यापैकी ऐकू येतो. तळाशी गेला की आवाज दबतो. मात्र डब्याच्या भिंतीला टेकला तर थरथरीने पत्रा असा काही गुणगुणतो की रिंगपेक्षा तोच जास्त ऐकू येतो. आम्ही भिंतीला टेकवला. वरचे दाणे हलताना दिसतात तो शॉट पाच सेकंदांचा आहे आणि सबंध फिल्ममध्ये डब्याच्या आतला तो एकच शॉट. नंतर आत बघायची गरजच पडत नाही, प्रेक्षक मनातल्या मनात बघत राहतो.

दुसरी चूक दोन घड्याळांची होती. आकडे दाबण्याबरोबरच आम्ही वस्तीची गाडी यायची वेळही जोडली होती. भिंतीवरच्या घड्याळात आठ बावीस, गाडी साडेआठला, ती आली की पाहुणा जाणार. लोकांना कशाची वाट बघायची तेच कळेना. गाडी काढली. दहा आकडी नंबर हेच घड्याळ. कितवा आकडा चाललाय हे मोजायला कुणाला शिकवावं लागत नाही.

त्याच नंबरात आमचा सगळ्यात मोठा फायदा दडलेला होता आणि तो आपल्या मराठी-कन्नड सीमाभागामुळे मिळाला. पाहुणा कन्नड बोलणारा, डायरी मराठीत. देवनागरी आकड्यांची त्याला सवय नाही, त्यात शाई ओलीने पसरलेली. सातव्या आकड्यावर तो थांबतो आणि तिलाच विचारतो, "अक्का, हा एक हाय का नऊ हाय?" आहे नऊ. आता तिला ठरवायचंय. तोवर प्रेक्षक फक्त फोन वाजेल का एवढ्याचीच वाट बघत होता. या प्रश्नानंतर तो तिच्या जागी जाऊन बसतो. नुसतं संकट दाखवून ताण अर्धाच येतो. संकटातल्या माणसाच्या हातात एक निर्णय द्या आणि तो घ्यायला अपुरा वेळ द्या.

मग आवाजाकडे वळलो आणि तिथेच खरं अडकलो.

कल्पना साधी होती. प्रसंग सुरू होताना कौलांवर जोराचा पाऊस आहे. त्या आवाजात फोन वाजला तरी कदाचित ऐकू येणार नाही, म्हणजे पाऊस तिचा पाठीराखा आहे. पाहुणा आकडे दाबू लागला की पाऊस ओसरू लागतो. दहाव्या आकड्याला फक्त पागोळ्यांची टपटप उरते. प्रेक्षकाला कुणी काही सांगत नाही, पण त्याचा आसरा काढून घेतला जातोय हे त्याच्या कानाला कळतं. संगीत नको होतं, एक सूरही नको होता.

हे तोंडी सांगून आम्ही काम एका स्टुडिओकडे दिलं. अठरा दिवसांनी मिक्स आला. पहिल्या फ्रेमपासून खालच्या पट्टीतला घुमारा, प्रत्येक कटवर सुस्कारा, डबा दिसला की हृदयाचे ठोके. विचारलं तर उत्तर मिळालं, थ्रिलर आहे, लोकांना लागतं. पहिल्या सेकंदापासूनच भीती वाजत असेल तर पुढे ती वाढवणार कुठून? शिवाय हा घुमारा ज्या खालच्या कंपनांवर उभा असतो, ती मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून जवळपास येतच नाहीत, आणि आमचे बहुतेक प्रेक्षक मोबाईलवरच बघणार होते. हिचकॉकच्या १९६३ सालच्या ‘द बर्ड्स’मध्ये रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाही, पक्ष्यांचे आवाज आणि शांतता यांवरच ताण उभा आहे, हेही सांगून पाहिलं.

पुन्हा वीस दिवस. घुमारा आता हळू झाला होता, पण होताच. तिसऱ्या वेळी संगीत खरोखरच काढलं होतं. मी हेडफोन लावून ऐकायला बसलो आणि पाऊसही गायब. संवाद स्वच्छ करायचे म्हणून आमचा पाऊस नको असलेला गोंगाट समजून पुसून टाकला होता. ज्या एका आवाजावर प्रसंग उभा होता, तोच. संवाद काचेसारखे आणि प्रसंग मेलेला.

यात आमची एक चूक होती ती सांगतो, कारण ती टाळता येते. मागणी तोंडी होती. साउंडला काम देताना टाइमकोडसह, म्हणजे मिनिट-सेकंद-फ्रेम लिहून, कागद द्या: कुठून कुठपर्यंत कोणता आवाज, कुठे वाढेल, कुठे संपेल. ‘संगीत नाही’ हेही लिहा, कारण रिकामा रकाना म्हणजे भरायची परवानगी असा अर्थ काढला जातो. संवाद, वातावरण आणि इफेक्ट वेगळ्या ट्रॅकवर द्या आणि परतही वेगळेच मागा. आम्ही सगळं एकत्र मिसळलेलं परत घेतलं होतं, त्यामुळे दुरुस्तीला वाव राहिला नाही आणि प्रत्येक वेळी रांगेत पहिल्यापासून उभं राहावं लागलं.

शेवटी तो प्रसंग आम्हीच मिक्स केला, तीन रात्रीत. कौलांवरचा पाऊस शूटिंगच्या वेळीच वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला होता, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. घरातून दहा मिनिटं, ओसरीतून दहा मिनिटं, नुसत्या पागोळ्या पाच मिनिटं. हे साठवून ठेवलं नसतं तर काहीच करता आलं नसतं. पहिल्या आकड्यापासून दर आकड्यामागे पाऊस दीड डेसिबलने उतरवला. दहा आकड्यांत पंधरा. एका टप्प्यावरचा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. सातव्या आकड्यापासून पागोळ्या वर आणल्या. कुणी बोलत नसतानाचा खोलीचा निव्वळ आवाज मिनिटभर रेकॉर्ड केला होता. तो खाली अंथरला नाही तर पाऊस ओसरल्यावर फिल्म बंद पडल्यासारखी वाटते.

आधी सांगायला हवं होतं: खरा पाऊस चालू असताना कौलारू घरात संवाद रेकॉर्ड होत नाहीत. पाण्याच्या नळीला भोकं पाडून खिडकीबाहेर पाऊस पाडा आणि त्याच्या मागून दिवा द्या. समोरून दिला तर पाऊस दिसतच नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. नाहीतर घरातले स्वस्त एलईडी बल्ब लुकलुकतात.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. सुरुवातीला आम्ही डब्याचे सहा क्लोजअप लावले होते, पाच काढले. त्याऐवजी डबा पाहुण्याच्या खांद्यामागच्या फळीवर ठेवला, ३५ मिमी लेन्स, एफ ५.६, म्हणजे मागे असूनही ओळखू येतो. प्रेक्षक स्वतः डब्याकडे बघतो. एकदा दाखवल्यावर पुन्हा बोट दाखवायचं नाही. बाईच्या चेहऱ्यावर अभिनय कमीत कमी. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलंय की एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे वाटीभर सूप, शवपेटी अशी वेगवेगळी दृश्यं जोडली की लोक त्या चेहऱ्यात वेगवेगळे भाव वाचतात. आमच्या नटीने पहिल्या टेकमध्ये घाबरून दाखवलं होतं. वापरला तो चौथा टेक, ज्यात ती फक्त कपबशी पुसते.

शेवटची लांबी तीन मिनिटं वीस सेकंद. चहा आणि बोलणं पंचेचाळीस सेकंद, डायरी पस्तीस, आकडे पंचाण्णव, नंतरचे पंचवीस. ताण वाढला की कट भराभर मारायचे ही सवय इथे मोडावी लागली. शॉट सहा सेकंदांवरून दोनवर आणले, पण सातव्या आकड्याच्या प्रश्नानंतर तिच्यावर अकरा सेकंद कट नाही. ८५ मिमीचा जवळचा शॉट फक्त तिथे.

फोन वाजावा की नाही यावर वाद झाला. ‘सॅबोटाज’ या १९३६ सालच्या चित्रपटात पोराच्या हातातला बॉम्ब फोडला ती आपली चूक होती, असं हिचकॉकनेच पुढे कबूल केलंय. एवढं ताणून ठेवलेल्या प्रेक्षकाला सुटका द्यावी लागते. आमच्यात बाई म्हणते, "एक." पलीकडे कुणी परकी बाई उचलते, पाहुणा फोन खिशात टाकतो.

चाचणीसाठी कथा माहीत नसलेली पाच माणसं बसवली. ‘आवडलं का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: फोन कुठे आहे? तो सायलेंटवर आहे का? पाऊस कधी थांबला? पहिल्या दोन प्रश्नांना पाचही जणांची बरोबर उत्तरं आली. तिसऱ्याला एकालाही सांगता आलं नाही, आणि आम्हाला तेच हवं होतं.

सीमाभागात दाखवणार असाल तर सबटायटल सांभाळा. आमच्या कन्नड सबटायटलमध्ये प्रश्न आणि "एक" हे उत्तर एकाच ओळीत आलं होतं, म्हणजे अकरा सेकंद आधीच सगळं फुटलं. प्रश्नाची ओळ तो बोलून झाल्यावर काढली, मग पडदा रिकामा ठेवला. उत्तराची ओळ तिचे ओठ हलल्यानंतर चार फ्रेमनी येते.