अलाइनमेंटचे आकडे हिरवे, तरी पिकअप भरकटते

इंदूरच्या चोइथराम मंडीत कांदा-बटाटा वाहणाऱ्या एका एक टनी पिकअपचं डावं पुढचं चाक सिमेंटच्या कठड्याला तिरकं घासलं होतं. गाडी माझ्याकडे आली ती अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करूनच. सोबतच्या छापील कागदावर टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलेली), कॅम्बर (चाक उभ्यात किती कललेलं), कॅस्टर (चाकाच्या वळणाचा आस मागे किती कललेला) तिन्ही आकडे हिरव्या रंगात, म्हणजे मर्यादेत. तक्रार मात्र तशीच: रस्त्यावर सारखं सांभाळत राहावं लागतं, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे झुकते, आणि डाव्या टायरचा बाहेरचा खांदा करवतीसारखा हाताला लागतो. पुढे दुहेरी विशबोन (चाक धरणारे वरचा आणि खालचा असे दोन आर्म), रॅक-पिनियन (पिनियन हे स्टिअरिंगचं दातेरी चाक, रॅक हा त्याने डावा-उजवा सरकणारा दातेरी बार), हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग, आणि रॅक एक्सलच्या पुढच्या बाजूला. ही शेवटची गोष्ट आधी पाहून ठेवावी, कारण टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) आखूड झाला तर चाक आत वळेल की बाहेर, हे तिच्यावरच ठरतं. रॅक पुढे असेल तर आत.

आधी फुकटातल्या तपासण्या. दोन्ही पुढच्या टायरची हवा सारखी केली. रिमच्या आतली माती खरवडून काढली. माळव्यातली काळी माती वाळली की रिमला दगडासारखी चिकटते, चाकाचा तोल जातो आणि स्टिअरिंग थरथरतं, मग लोक उगाच टाय रॉड बदलतात. पाच-सहा किलोमीटर चालवून दोन्ही हब (चाकांचे मधले भाग) हाताने चाचपले. एक जास्त तापला असता तर ब्रेक धरतोय असं निघालं असतं. दोन्ही सारखे होते. मग पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले. ओढ बाजू बदलते तेव्हा दोष टायरचा असतो, इथे ती डावीकडेच राहिली. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डावीकडे उतरते असतात, त्यामुळे मोकळ्या हातांनी गाडी हळूहळू डावीकडे सरकणं हा दोष धरू नये. ब्रेकबरोबर झुकणं हा दोषच.

नंतर प्ले, म्हणजे स्टिअरिंगची मोकळी हालचाल. इंजिन चालू, चाकं सरळ, आणि स्टिअरिंगच्या कडेला दोन बोटांनी हलवून पुढचं चाक हलायला लागेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९८ स्टिअरिंगला ३० अंशांपर्यंत बॅकलॅश (म्हणजे हाच प्ले) चालवून घेतो. ३८० मिमी व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ १० सेंटिमीटर! रॅक-पिनियनच्या गाडीला एवढा प्ले असेल तर ती रस्त्यावर आणूच नये. मी ३० मिमीची हद्द धरतो, म्हणजे साधारण ९ अंश. या गाडीत १५ मिमी निघाले. म्हणजे सांधे फारसे झिजलेले नव्हते. प्ले आणि वाक हे दोन वेगळे आजार आहेत, आणि पहिला सापडला नाही म्हणून दुसरा नाही असं होत नाही.

खात्रीसाठी गाडी जमिनीवर ठेवूनच एकाला स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवायला सांगितलं आणि प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहिलं. टाय रॉड एंड (रॉडचा चाकाकडचा सांधा), बुटावरून (रबरी आवरणावरून) दाबून आतला रॅक एंड (रॅककडचा सांधा), रॅकचे रबरी बुश, खालच्या शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट. मग जॅक लावला. स्प्रिंग खालच्या आर्मवर बसत असेल तर जॅक आर्मखाली, त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटच्या (गोल सांध्याच्या) जवळ लावावा. चेसीखाली लावला तर स्प्रिंगचा दाब जॉइंटवर तसाच राहतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. चाक वर-खाली हलवताना ढिलं वाटलं तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं: ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. इथे दोन्ही ठीक.

खरी गोष्ट टाय रॉडच्या आट्यांनी सांगितली. लॉकनटच्या (रॉडची लांबी पक्की करणाऱ्या नटच्या) मागे उघडे दिसणारे आटे दोन्ही बाजूंना मोजले: उजवीकडे ९, डावीकडे १३. चार आट्यांचा फरक, आटा १.५ मिमीचा, म्हणजे डावा रॉड ६ मिमी लांब करून टो जमवला होता. मशीनवर आकडे हिरवे कसे आले ते इथे कळतं. मशीन फक्त चाकाची दिशा मोजतं. ती दिशा सरळ रॉडने आली की वाकड्या, हे त्याला कळत नाही.

रॉडला पोलादी पट्टी लावली तर मधोमध साधारण १० मिमीचा वाक. बहुतेक ठिकाणी तपास इथेच थांबतो: रॉड वाकलाय, बदला, टो करा. पण हिशोब करून पाहा. ३०० मिमी लांबीचा रॉड मध्ये १० मिमी वाकला तर टोकांमधलं अंतर किती कमी होतं? जेमतेम ०.७ मिमी. भरून काढलेत ६ मिमी. उरलेले ५ मिमीहून जास्त दुसरीकडे कुठेतरी गेलेत. धक्का चाकाकडून नकलला (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग), तिथून रॉडला, तिथून रॅकला आणि शेवटी चेसीवरच्या बुशला जातो, आणि वाटेत जो जो भाग कमी पडेल तो वाकतो. पहिला वाकडा भाग सापडला की तोच शेवटचा असं धरून चालत नाही.

वाकडा रॉड एवढ्याशा फरकाने त्रास का देतो, तेही सांगतो. सरळ रॉड ओढला किंवा दाबला तरी लांबी बदलत नाही. वाकलेला रॉड स्प्रिंगसारखा वागतो. ब्रेक दाबला की डावं चाक मागे ढकललं जातं, रॉडवर ताण येतो, तो किंचित सरळ होतो, चाक बाहेर उघडतं आणि गाडी डावीकडे जाते. अलाइनमेंटच्या स्टँडवर ब्रेकचा हा जोर नसतोच.

आता ५ मिमी शोधायचे. दोन्ही चाकं काढली, डिस्कच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी धरली आणि पट्टीपासून स्टिअरिंग आर्मच्या (नकलचा टाय रॉडला जोडणारा हात) बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं. डावीकडचं टोक ५ मिमीने डिस्कच्या जवळ होतं. कठड्याने चाक आत दाबलं, टोकाला रॉडने रोखून धरलं, आणि नकलचा आर्म मधल्या मधे वाकला. टर्नटेबलवर (चाकाखालच्या अंश दाखवणाऱ्या फिरत्या तबकडीवर) चाकं २० अंश वळवून डाव्या-उजव्या कोनांची तुलनाही केली. फरक अर्ध्या अंशाच्या आसपास. एवढ्या वाकाला तो तेवढाच येतो, म्हणून केवळ टर्नटेबलवर नकल पास करू नये. पट्टी जास्त खरं बोलते.

कॅम्बर आणि किंगपिनचा कल (चाकाच्या वळणाचा आस आतल्या बाजूला किती कललेला) यांची बेरीजही पाहिली. ही बेरीज दोन्ही बाजूंना सारखी असेल तर नकलचा स्टब (हब बसतो तो भाग) शाबूत असतो, आणि कॅम्बर चुकलेला असूनही बेरीज सारखी असेल तर दोष विशबोनमध्ये किंवा त्याच्या बुशमध्ये. इथे बेरीज आणि कॅम्बर दोन्ही बरोबर. दोष आर्मपुरता.

काही गाड्यांत हा आर्म दोन बोल्टांनी बसवलेला सुटा भाग असतो. इथे तो नकलचाच भाग होता, म्हणून पूर्ण नकल बदलायचा. गॅसवर लाल करून सरळ करून देतो म्हणणारे देवास नाक्यापासून लसूडियापर्यंत सहज भेटतील, आणि काम स्वस्तही पडेल. स्टिअरिंगच्या भागांना हे करू देऊ नये. ठोकून घडवलेल्या भागाला (फोर्जिंगला) कारखान्यात उष्णता देऊन आणलेला कडकपणा लाल झाल्यावर उतरतो, वाकाच्या जागी बारीक चीर असेल तर ती झाकली जाते, आणि पुढचा धक्का तिथेच बसतो. टाय रॉड तुटला की एक चाक मोकळं होतं. घाटात ते कोणत्या बाजूला वळेल हे ड्रायव्हरच्या हातात राहत नाही.

रॅक वाचला का, हे बूट काढल्याशिवाय ठरत नाही. डावा बूट सोडला: आत तेल नाही, म्हणजे सील शाबूत; गंज नाही. रॉड सुटा करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, जोर सगळीकडे सारखा. रॅकच्या बारवर डायल गेज लावून वाक पाहिला, तो मिलिमीटरच्या दशांशांतल्या मर्यादेत होता. बार वाकला असता तर अख्खा रॅक बदलावा लागला असता. रॅकच्या मागचा अ‍ॅडजस्टर आवळून प्ले किंवा आवाज घालवण्याची पद्धत आहे. तिने स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप परत येत नाही.

घेतलेले भाग: डावा रॅक एंड, डावा टाय रॉड एंड, बूट आणि त्याच्या दोन क्लिपा, डावा नकल, हब बेअरिंग आणि सील, नव्या स्प्लिट पिना. बेअरिंग जुनं परत वापरण्याचा मोह होतो, पण दाबून काढताना त्याच्या गोळ्यांवर जोर येतो, म्हणून नवीनच.

टाय रॉड एंड काढताना कॅसल नट (स्प्लिट पिनेसाठी खाचा असलेला नट) पूर्ण काढू नये, दोन-तीन आट्यांवर ठेवावा. मग आर्मच्या डोळ्यावर एका बाजूने जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका, टेपर (सांध्याच्या पिनचा निमुळता भाग) सुटतो. सांध्याच्या पिनच्या आट्यांवर ठोकलं तर ती पिन जाते. कॅलिपर तारेने बांधून ठेवला, होसवर लटकू दिला नाही. नव्या नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर फक्त बाहेरच्या रेसवर (कड्यावर). टेपर आणि त्याचं भोक कोरडं पुसून बसवलं. ग्रीस लावलं तर टेपर जास्त आत ओढला जातो. कॅसल नट मॅन्युअलच्या टॉर्कला आवळल्यावर स्प्लिट पिनेचं भोक जुळलं नाही तर पुढेच आवळत न्यायचा, मागे कधीच नाही.

रॅक एंड आवळताना रॅकच्या बारला सपाट जागी दुसऱ्या पान्याने धरलं. नाही धरलं तर तो सगळा पीळ पिनियनच्या दातांवर जातो. लॉक वॉशरची कड ठोकून बसवली. बूट पिळलेला राहू नये म्हणून रॉडला बुटाच्या तोंडाशी थोडं ग्रीस. तेलाचे पाइप उघडलेच नव्हते, त्यामुळे हवा काढायची गरज पडली नाही. उघडावे लागले तर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोकांना फिरवत तेल भरत राहायचं. इंजिन सुरू केल्यावर टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरू नये, आणि तेल फेसाळलेलं दिसलं तर हवा अजून आत आहे.

आता अलाइनमेंट. आधी कॅस्टर आणि कॅम्बर, टो सर्वांत शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतो. स्टिअरिंग सरळ करून लॉक केलं आणि दोन्ही रॉड आळीपाळीने फिरवले. आर्म साधारण १५० मिमीचा असेल तर रॉडची एक पूर्ण फेरी रिमच्या कडेला ४ मिमी टो बदलते, म्हणून पाव-पाव फेरीने जावं. एकूण टो आत १ मिमी ठेवला. शेवटी आटे पुन्हा मोजले: डावीकडे १०, उजवीकडे ९. हा आकडा माझ्या दृष्टीने हिरव्या कागदापेक्षा मोलाचा. स्टिअरिंग तिरकं राहिलं तर एक रॉड जेवढा लांब तेवढाच दुसरा आखूड करायचा, टो बदलत नाही. स्टिअरिंगचं चाक काढून सरळ बसवणं हा उपाय नाही. एअरबॅगची गाडी असेल तर मुळीच नाही.

एक गोष्ट या गाडीत आधीपासूनच होती: मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा. माल जास्त भरता यावा म्हणून हे सगळेच करतात. रिकाम्या गाडीचा मागचा भाग त्याने ५० मिमी उचलला तर ३ मीटरच्या व्हीलबेसवर कॅस्टर जवळपास १ अंशाने कमी होतो आणि रिकामी गाडी वेगात तरंगल्यासारखी चालते. मालकाला तसं सांगितलं, पाटा काढायला ते तयार झाले नाहीत. मग कॅस्टर रिकाम्या गाडीवर मोजून कंपनीच्या मर्यादेच्या वरच्या टोकाला नेला. यापेक्षा जास्त शिमने (कोन बदलायच्या पातळ पत्र्याने) होत नाही.

पुढे अखंड एक्सल आणि स्टिअरिंग बॉक्स असलेल्या जुन्या पिकअपमध्ये क्रम तोच, भाग वेगळे: पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात), ड्रॅग लिंक (तो हात चाकाकडे जोडणारा दांडा), किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती पिन). तिथे बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले मारू नये, आधी ड्रॅग लिंकची टोकं पाहावीत.

चाचणी सुपर कॉरिडॉरवर रिकाम्या गाडीने, ६० च्या वेगावरून सरळ ब्रेक मारून. झुकली नाही. मग एक टन भरून मानपूर घाटात, उतारावर वळणांत हलका ब्रेक. चाकाचे नट शंभरएक किलोमीटरनंतर परत आवळून घ्यायचे आणि टो पाचशेनंतर पुन्हा पाहायचा. वाकलेला नकल मी ग्राइंडरने दोन तुकडे करूनच भंगारात दिला, नाहीतर तोच गरम होऊन कोणाच्या तरी गाडीला लागतो.