निळी टिक

मी इंदूरच्या एका शाळेत समुपदेशक आहे. हा प्रसंग त्यातल्या बाप-लेकाला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा अकरावीतला. राहायला रामबागेकडे, संध्याकाळी भंवरकुआँला कोचिंग. वडील मराठीत विचारणार, हा हिंदीत एका शब्दात उत्तर देणार. "मॅडम, हा घरात बोलतच नाही. रात्री दोनपर्यंत जागा, सकाळी उठवलं की अंगावर येतो." मुलगा बॅगेची चेन उघडत-लावत बसला होता.

झोपेचं आधी सांगितलं. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं हार्मोन, रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे दहाला अंथरुणात पाठवलं तरी झोप येत नाही. दर वेळी मोबाइललाच दोष देऊन चालत नाही. मुलानं पहिल्यांदा मान वर केली.

मग वडिलांना म्हटलं, "याला या महिन्यात पाठवलेले मेसेज जरा मोठ्यानं वाचता?"

ते वाचू लागले. पोचलास का? टेस्ट कशी गेली? किती पडले? निघालास का? फिजिक्सचे आले? मुलाकडून 'हां', 'ठीक', नाहीतर नुसता अंगठा. सात-आठ मेसेजनंतर त्यांचा आवाज खाली आला. एका फोटोपाशी ते थांबलेच.

मुलानं पेन्सिलीनं काढलेला इंदूरचा राजवाडा, होळकरांचा जुना वाडा. सातही मजले. खालच्या तीन मजल्यांचा दगड आणि वरचं लाकूड शेडिंगमध्ये वेगळं कळत होतं. त्याखाली वडिलांचा मेसेज: 'मार्क लागले का?'

"हे मी पाहिलंच नाही," ते म्हणाले.

"पाहिलं होतं तुम्ही, बाबा. निळी टिक आली होती." मराठीत बोलला, हळू.

मला त्या बापाचा राग आला नाही. दिवसभर दुकान सांभाळून हा माणूस रोज रात्री पोराला आणायला क्लासच्या दाराशी उभा असतो. मुलाचं पुढं कसं होईल, ही धास्ती त्याच्या तोंडून मार्कांच्या चौकशीतूनच बाहेर पडते. पण पोरानं एकदा आपणहून काही पुढं केलं होतं, आणि ते तसंच पडून राहिलं. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्यानं एकही फोटो पाठवला नव्हता.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही मधे पडले नाही. मग वडिलांनी खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. "ही वरची नक्षी... तिथं बसून काढलीस?"

"नाही, तीनदा जाऊन. एकदा पोलीस काकांनी हटकलं."

"मला बोलला नाहीस?"

मुलानं खांदे उडवले. पाचचा क्लास होता. वडिलांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, पण ते उठले नाहीत. मुलगा दोन बोटांनी फोटो मोठा करून त्यांना एकेक खिडकी दाखवत होता.