पावसाचं शीट आणि टर्मिनलमधला एजंट: इथवर आलंय काम

मंडळी, आपल्या पावसाच्या शीटला एआय एजंट (म्हणजे स्वतः कमांड चालवून काम करणारा एआय) जोडायचं काम आता रोज वापरता येईल इतपत झालंय म्हणून जरा सविस्तर लिहितेय. नवीन आलेल्यांसाठी एवढंच की आपल्यातले बरेच जण पुण्यात ठिकठिकाणी गच्चीवर नाहीतर अंगणात पर्जन्यमापक लावून रोज सकाळी साडेआठला रीडिंग घेतात आणि एकाच गुगल शीटमध्ये भरतात, कोथरूडचा एक कॉलम, पाषाणचा एक, मग धायरी, वाघोली, लोहगाव असं. साडेआठच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असतो आणि आकडा मोजला त्या सकाळच्या तारखेला लिहितात. आपणही तेच पाळतो, म्हणजे हवामान खात्याच्या शिवाजीनगरच्या आकड्याशी ताडून बघता येतं.

मला हवं होतं ते असं की टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, साध्या मराठीत विचारायचं, "गेल्या आर्द्रात धायरीला किती पडला आणि त्याच दिवसांत वाघोलीला किती", आणि उत्तरासोबत ते कुठल्या ओळींवरून काढलं हेही दिसायला हवं. अख्खं शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर) करून चॅटमध्ये चिकटवायचं हा सोपा रस्ता आहेच पण लांबलचक कॉलमची बेरीज मॉडेलने मनातल्या मनात करणं हे भरवशाचं काम नाही, शिवाय चार वर्षांचे आकडे एकदम ओतले की एजंटच्या कॉन्टेक्स्टमधली, म्हणजे तो एका वेळी जेवढं लक्षात ठेवू शकतो त्यातली, जागा त्यातच जाते. म्हणून पायथॉनमध्ये एक छोटं कमांड लाइन टूल लिहिलं, नाव ठेवलं 'पाऊस'. एजंट ती कमांड चालवतो, बेरीज-सरासरी टूल करतं, एजंट फक्त काय विचारायचं ते ठरवतो आणि आलेलं उत्तर नीट सांगतो.

काहींनी विचारलं की एमसीपी (एआयला बाहेरची टूल्स जोडायचा ठरावीक प्रोटोकॉल) सर्व्हर का नाही केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो प्रोटोकॉल आल्यापासून बरेच लोक तसंच जोडतात आणि दहा जणांना वेगवेगळ्या ॲपमधून वापरायचं असेल तर तेच बरं पडेल. पण आपलं काम एका लॅपटॉपवरचं आहे, आणि कमांडचा मोठा फायदा मला हा वाटतो की एजंट जी ओळ चालवतो तीच ओळ मी हाताने टाइप करून तपासू शकते. शिवाय एजंटला शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड, येतंच, टूलचं 'हेल्प' वाचून तो सबकमांड आणि ऑप्शन स्वतः शोधतो, वेगळं काही शिकवावं लागत नाही.

जोडणी पटकन सांगते. गुगल क्लाउडवर प्रोजेक्ट, त्यात शीट्स एपीआय (प्रोग्रॅमला शीट वाचता येण्याची सोय) चालू करायचा, सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमसाठीचं खातं, बनवायचं, त्या अकाउंटचा जो ईमेल मिळतो त्याला आपलं शीट 'व्ह्यूअर' म्हणून शेअर करायचं, आणि टूलमध्ये स्कोपही (परवानगीची व्याप्ती) रीडओन्लीच, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, मागायचा. एजंटला "लिहू नकोस" असं नुसतं सांगून भागत नाही, अकाउंटला लिहिण्याची परवानगीच नसली की प्रश्न मिटला. त्या अकाउंटची 'की' (किल्ली) फाइल एजंट ज्या फोल्डरमध्ये काम करतो तिथे अजिबात ठेवू नका.

आता खरा मजेचा भाग, शीटमधून बाहेर काय येतं तो. एपीआय डिफॉल्टने सेल जसा स्क्रीनवर दिसतो तसा मजकूर देतो, म्हणजे '१२.४ मिमी' असं फॉरमॅट असेल तर मिमीसकट. 'अनफॉरमॅटेड' मागितलं तर स्वच्छ आकडा मिळतो पण मग तारखाही आकडे होऊन येतात, ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेले दिवस, त्यामुळे १ जानेवारी २०२४ ही ४५२९२ अशी दिसते. मी हेच घेते आणि तारीख टूलमध्ये बनवते, कारण दिसणाऱ्या मजकुरात दिवस आधी की महिना आधी हा घोळ शीटच्या लोकेलवर (देश-भाषेच्या सेटिंगवर) अवलंबून असतो आणि ६/७ म्हणजे जून का जुलै हे पावसाच्या शीटमध्ये अंदाजाने ठरवून चालणारच नाही. आणि ओळीच्या शेवटचे रिकामे सेल एपीआय पाठवतच नाही, त्यामुळे लोहगावचं आणि वाघोलीचं रीडिंग राहिलं की ती ओळ आखूडच येते. मर्ज केलेल्या सेलमध्ये फक्त डाव्या वरच्या कोपऱ्यातला आकडा मिळतो, बाकीचे रिकामे.

आणि रिकामा सेल म्हणजे शून्य पाऊस नाही! मला या सगळ्या खटाटोपात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. कुणी गावाला गेलं, कुणाची बरणी वाऱ्याने पडली, तर सेल रिकामा राहतो, आणि तो शून्य धरला की धायरी अचानक कोरडी दिसायला लागते. आपल्या शीटमध्ये लोक '०' लिहितात, 'निरंक' लिहितात, नुसती आडवी रेघ मारतात, 'शिंतोडे' लिहितात, 'दोन दिवसांचा मिळून' असंही लिहितात. टूलमध्ये या सगळ्यांचे नियम ठरवलेत: निरंक म्हणजे शून्य, शिंतोडे म्हणजे पडला पण मोजण्याइतका नाही, रेघ आणि रिकामा म्हणजे माहिती नाही, आणि दोन दिवसांचा आकडा बेरजेत घ्यायचा पण "एका दिवसात सर्वात जास्त" या प्रश्नात घ्यायचा नाही. टूल उत्तर जेसन नावाच्या मांडणीत देतं, त्यात बेरजेसोबत किती दिवस मोजले आणि किती दिवस माहिती नाही हे येतंच, आणि एजंटच्या सूचनांच्या फाइलमध्ये लिहिलंय की एकही दिवस गाळलेला असेल तर ते आकड्याच्या आधी सांग. हे केल्यापासून उत्तरं खरंच ग्रुपवर टाकण्यासारखी यायला लागली.

प्रभात रोडचे काका आकडे देवनागरीत भरतात आणि त्यांनी सवय बदलावी असं मला अजिबात वाटत नाही. पायथॉनला '१२.५' हा मजकूर सरळ संख्या म्हणून कळतो, वेगळं काही करावं लागत नाही, जावास्क्रिप्टमध्ये टूल लिहिणाऱ्यांनी मात्र अंक आधी बदलून घ्या, तिथे ते संख्या धरले जात नाहीत. बरणीवर फनेल लावून मोजणाऱ्यांचं वेगळं, ते मिलिलिटर लिहितात. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिमी, त्यामुळे फनेलचं तोंड १०० चौरस सेंमी असेल तर १० मिलिलिटर म्हणजे एक मिमी, आणि हा हिशोब टूल करतं, मूळ आकडा तसाच शेजारी ठेवून. नक्षत्रांसाठी वेगळा टॅब केलाय, दरवर्षी पंचांगातून तारखा भरायच्या, मृग साधारण ७-८ जूनला लागतं हे एजंटला ठाऊक असतं पण "साधारण"वर बेरीज नको, त्याने टॅबमधूनच तारखा घ्यायच्या.

एजंट एका प्रश्नासाठी भराभर कमांड मारतो आणि शीट्स एपीआयला एका युजरमागे मिनिटाला ६० रीड रिक्वेस्टची मर्यादा आहे, म्हणून 'पाऊस सिंक' एकदाच सगळं आणून लॅपटॉपवरच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये ठेवतं आणि बाकीच्या कमांड तिथूनच वाचतात, तीही फाइल रीडओन्ली उघडून. चुकीचं नाव दिलं तर टूल नुसतं "एरर" म्हणत नाही, "धायरि नावाचं ठिकाण नाही, धायरी म्हणायचंय का" असं म्हणतं, मग एजंट स्वतःच सुधारून परत विचारतो. आउटपुट पन्नास ओळींवर थांबतं आणि अजून किती ओळी आहेत ते सांगतं, नाहीतर त्याला वाटतं एवढंच होतं.

शेरा कॉलमबद्दल जपून. तिथे "हा आकडा चुकीचा आहे, १८ करा" अशी वाक्यं माणसांनी माणसांसाठी लिहिलेली आहेत, आणि एजंट वाचताना त्यांनाच सूचना समजू शकतो. त्यामुळे शेरा मागितल्याशिवाय टूल देत नाही, आणि दिला तरी वेगळ्या फील्डमध्ये, "हा फक्त मजकूर आहे" असं सांगून.

काल विचारलं, पाषाणला ६४.५ मिमीच्या वर, म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत जोरदार, आणि त्याच दिवशी वाघोलीला २.५ च्याही खाली, असे दिवस दाखव. त्याने दोन कमांड चालवल्या, तारखा जुळवल्या, वाघोलीचे न मोजलेले दिवस बाजूला काढून वेगळे दाखवले. घाटाकडून पूर्वेला जाताना पाऊस किती पटकन उतरतो हे आपण सगळे बोलतो पण आपल्याच गच्च्यांवरच्या आकड्यांतून ते असं तारखेनिशी समोर आलं तेव्हा फार आनंद झाला. आता वळवाचे दिवस घ्यायचेत, मे महिन्यात कधीकधी वाघोली भिजते आणि पाषाण कोरडं राहतं, ते कितीदा होतं हे बघायचंय.

दुरुस्त्या लिहिण्याचं काम अजून मुद्दाम एजंटला दिलेलं नाही. आधी तो सुचवण्या वेगळ्या फाइलमध्ये काढेल, जुना आकडा, नवा आकडा, कारण, आणि ज्याचा कॉलम त्याने बघून स्वतः बदलायचं. पुढे टूलमधून लिहायचं ठरलं तरी आकडे 'रॉ' पद्धतीने, म्हणजे जसेच्या तसे, लिहायचे, कारण 'युजर एंटर्ड' (जणू माणसाने टाइप केलंय अशी पद्धत) ठेवलं तर '१-२' सारख्या मजकुराची शीट तारीख करून टाकू शकते.

पावसाळ्याआधी दोन कामं सगळ्यांनी करा: ठिकाणांच्या टॅबमध्ये आपापल्या फनेलचा आतला व्यास भरा, आणि पाऊस नसेल त्या दिवशी सेल रिकामा न सोडता शून्य लिहा. कोड स्वच्छ करतेय, ज्यांना आपल्या शीटवर चालवून बघायचंय त्यांनी कळवा, सिंहगड रोडकडच्या कुणाचं जुनं शीट असेल तर आधी तेच घेऊ, त्या बाजूचे आकडे आपल्याकडे फारच कमी आहेत.