मावशींना आधी दिसलं

पैठणच्या एका विणकर मावशींनी साडीचा व्हिडिओ करून मागितला, तेव्हा त्यांची एकच अट होती: रंग खरा दिसला पाहिजे. आधीच्या व्हिडिओत कुंकवासारखा लाल पदर विटकरी दिसला होता, आणि तो बघून एका बाईंनी घ्यायची ठरवलेली साडी सोडून दिली होती. महिनोन्महिने मागावर बसून विणलेली साडी.

मी एरवी लग्नाची शूटिंग करतो. या कामासाठी घरीच लाइट पॅनल बनवलं. स्वस्त एलईडी पट्टीत गडद लाल जवळपास नसतोच. सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, आठ फिक्या रंगांच्या सरासरीवर निघतो, लालचा हिशोब ‘आर-९’ म्हणून वेगळा असतो. तो आकडा चांगला असलेली, ९५ सीआरआयची, १२ व्होल्टची पाच मीटर पट्टी मी मागवली. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे दहा तुकडे करून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवले, सगळे समांतर जोडले, समोर दुधी ॲक्रिलिक लावलं. पत्रा हवाच, कारण ७० वॉटच्या आसपासच्या पट्टीची उष्णता कुठंतरी जायला पाहिजे. उजेड कमी-जास्त करायला बाजारात मिळतो तो साधा डिमर बसवला. तिथंच चुकलं.

माग आतल्या खोलीत, खिडकी एकच. पॅनल पूर्ण लावलं तर जरीवर नुसता पांढरा डाग दिसायचा, म्हणून उजेड बराच खाली आणला. मावशींनी मुनिया, म्हणजे पोपटाची नक्षी, विणायला घेतली. ही नक्षी धोट्यानं होत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी बोटांनी ताण्यातून फिरवायची, आणि दोन रंग भेटतात तिथं धागे एकमेकांत अडकवायचे. म्हणून तर हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो.

दहाएक मिनिटांनी त्या थांबल्या. “लेकरा, बोटं तुटक-तुटक दिसायलीत मला. डोळे बी दुखायलेत.”

मला वाटलं, वयामुळं असेल. मी पाणी दिलं, थोडं थांबू म्हणालो. मग फणी ठोकतानाचा स्लो मोशन घेतला, शटर १/४०० वर. स्क्रीनवर काळे आडवे पट्टे खालून वर सरकत होते. पदरावरून, मुनियेवरून, मावशींच्या हातावरून.

डिमर उजेड कमी करत नव्हताच. तो एलईडी सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद करत होता. शांत बसलेल्या माणसाला ते कळत नाही, पण झपाझप चालणाऱ्या बोटांची हालचाल त्यात तुटते. मी पॅनलसमोर पेचकस जोरात हलवला तर एकाचे पाच-सहा पेचकस दिसले. मावशींना दिसत होतं ते अगदी खरं होतं, आणि मी ते त्यांच्या डोळ्यांवर ढकललं होतं. मी त्यांची माफी मागितली.

शटरचा वेग कमी करून पट्टे फिके झाले असते, पण मावशींना त्याच उजेडात बसावं लागलं असतं. ते मला पटेना. बॅगेत आठ अँपियरचा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज खाली आणणारं सर्किट, होता, बॅटरीच्या कामाला ठेवलेला. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर त्याच्या इनपुटला जोडला. पट्टी लावायच्या आधी मल्टिमीटर लावून आउटपुट १२ च्या खाली आणलं, कारण १९ व्होल्ट थेट गेले असते तर सगळी पट्टी तिथंच जळाली असती. मग डिमर काढून टाकला आणि ओट्याशेजारी बसून जोडणीला सोल्डरचे डाग दिले. हा कन्व्हर्टरही आत चालू-बंदच होतो, पण सेकंदाला लाखाहून जास्त वेळा, आणि कॉइल-कपॅसिटर ते सपाट करून बाहेर सोडतात. एलईडीला सरळ, कमी व्होल्टेज मिळतं. दहा व्होल्टच्या आसपास आणल्यावर उजेड निम्म्याहून खाली आला आणि पेचकस एकच दिसला.

मावशींनी कॅमेऱ्याआधी स्वतःची बोटं हलवून बघितली. “हां. आता बरं हाय.”

संध्याकाळी लॅपटॉपवर त्यांना क्लिप दाखवली. लाल लालच होता, जरीचा तार न तार सुटा दिसत होता. त्या पुढं सरकल्या, स्क्रीनवर मुनियेच्या चोचीवर बोट ठेवलं. “इथं एक तार चुकली बघ माझी.” मला दिसायलाही वेळ लागला. त्या उठल्या, मागावर जाऊन बसल्या आणि दोन ओळी उसवायला लागल्या. मी पॅनल पुन्हा लावून दिलं.